तीनशे ग्रॅम

शाळेच्या मागच्या हॉलमध्ये संध्याकाळी कुस्तीचा वर्ग भरतो, एवढंच मला नोकरीला लागताना माहीत होतं. मी खेळाची शिक्षिका. माझं काम साडेचारला संपायचं आणि मास्तरांचं पाचला सुरू व्हायचं, त्यामुळे आमची गाठ फाटकात पडायची. ते सायकल आत ढकलत असायचे आणि मी पर्स खांद्याला लावून बाहेर पडत असायची. दिवसा ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर होते. तीस वर्षं पंपांच्या धडधडीत काढल्यामुळे त्यांना हळू बोलणं जमतच नसे. "काय बाई, निघालात?" हेसुद्धा ते असं विचारायचे की रस्त्यावरची माणसं वळून बघत.

एक दिवस मोठ्या बाईंनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. वर्षाच्या सुरुवातीला वर्गात सत्तावीस मुलं होती, आता सात उरली होती. मोठ्या बाईंना त्या हॉलमध्ये संगणकाचा वर्ग हवा होता, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"सत्र संपेपर्यंत बारा मुलं दाखवा मास्तर," त्या म्हणाल्या. "नियमित येणारी. नाहीतर मला हॉल द्यावा लागेल. या बाई तुम्हाला मदत करतील."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "मुलं नाजूक झालीत हो हल्ली. जरा कान धरला की घरी पळतात."

"जी गेली त्यांना विचारलंत कधी, का गेली?"

"गेले ते गेले. त्यांच्या दारात जाऊन नाक घासू काय?"

"नाक नका घासू. नुसतं विचारू या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखादा नट भलत्याच बोल्टवर चढवणाऱ्या शिकाऊ पोराकडे बघावं. पण शनिवारी दुपारी ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून. मुलगी बघायला निघाल्यासारखे.

पहिल्या घरी मुलगा घरात नव्हता, आई होती. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि बराच वेळ हातातला टॉवेल घडी करत राहिली. शेवटी म्हणाली, "राग मानू नका मास्तर. तुमच्याकडून आला की तो अर्धा तास कोणाशी बोलायचा नाही. बाथरूममध्ये नळ सोडून बसायचा. मला वाटायचं आंघोळ करतोय."

दुसऱ्या घरी मुंगी भेटली. बारा वर्षांची, चणीनं एवढीशी, पण जिभेला हाड नसलेली मुलगी. सगळे तिला मुंगीच म्हणत. ती दारातच उभी राहून म्हणाली, "सर, मी दीड वर्षात किती कुस्त्या खेळले माहितीये? मोजल्यात मी. नऊ. बाकीचा सगळा वेळ रांगेत उभी होते. तुम्ही एकाला डाव दाखवायचात आणि आम्ही सतरा जण बघायचो. त्यापेक्षा टीव्हीवर बघते ना मी, बसून तरी बघता येतं."

मला हसू आलं. मास्तरांना नाही आलं.

तिसरं घर एका शिंप्याच्या दुकानावर होतं. दार उघडणारा मुलगा तेरा वर्षांचा, उंच, हडकुळा. मास्तरांचा चेहरा उजळला. "अरे अडतीस! किती उंच झालास!"

आतून आईनं हाक मारली, "बाब्या, कोण आहे रे?"

आम्ही बसलो. मास्तरांनी गुडघ्यावर हात ठेवून, पंपघरातल्या आवाजात विचारलं, "का सोडलंस बाबा? तुझ्यासारखा पट काढणारा पोरगा माझ्याकडे पुन्हा आला नाही. समोरचा पायांकडे बघेपर्यंत त्याचे दोन्ही पाय तुझ्या काखेत."

बाब्यानं आईकडे पाहिलं. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्ही मला अडतीस म्हणायचात."

"मग? वजनगटच होता तुझा तो. लक्षात ठेवायला सोपं."

"हो. मला आवडायचं. पण मग माझं वजन वाढलं. आणि तो नवीन मुलगा आला ना, तर तुम्ही त्याला अडतीस म्हणायला लागलात. एकदा तुम्ही 'शाब्बास अडतीस' म्हणालात आणि मी वळून बघितलं. तर तो होता."

खाली दुकानात शिवणयंत्र चालू होतं. उठताना मास्तरांनी त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाब्या. आता लक्षात राहील."

रस्त्यावर आल्यावर मला वाटलं, आज एवढं पुरे. पण मास्तर कोपऱ्यावर थांबले. "अजून एक घर आहे," म्हणाले.

ते त्यांच्या मुलाचं घर होतं.

मुलगा तीन गल्ल्या पलीकडे राहायचा. काचा बसवायचं काम करायचा, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. दर रविवारी तिघं मास्तरांकडे जेवायला यायची. कधीकाळी तो त्यांच्या वर्गातला पहिला मुलगा होता. सोळाव्या वर्षी त्यानं कुस्ती सोडली, आणि त्यानंतर अकरा वर्षांत बापलेकात तो शब्द निघाला नव्हता. हे मला मास्तरांनी त्या तीन गल्ल्यांत सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते इतकं हळू बोलत असावेत. मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

मुलगा अंगणात काचेच्या कडा घासत होता. बापाचा प्रश्न ऐकून त्यानं कामाचे हातमोजे काढले.

"अकरा वर्षांनी विचारताय, बाबा?"

"उशीरच झाला. सांग तरी."

"स्पर्धेच्या सकाळी माझं वजन जास्त भरलं. तुम्ही मला प्लास्टिकचं जॅकेट घालून जिन्यावर पळवलंत. तरी थोडं उरलं, तेव्हा हातात डबा दिलात आणि थुंकत बस म्हणालात. मी एका कोपऱ्यात बसून डब्यात थुंकत होतो आणि माझ्या वयाची मुलं येता-जाता बघत होती."

"पण दुसरा आलास तू. रुपेरी पदक..."

"ते आईनं चौकटीत घालून जेवणाच्या खोलीत टांगलंय. मी दर रविवारी कुठल्या खुर्चीवर बसतो, बघितलंय कधी? त्याच्याकडे पाठ करून बसतो."

मुलानं बापाला पाणी आणून दिलं. मास्तर ते उभ्यानंच प्यायले.

सोमवारी मला हॉलवर पोचायला पाच मिनिटं उशीर झाला. बघते तर मास्तर मॅटच्या मधोमध उभे होते. नेहमीची शिट्टी गळ्यात नव्हती. "सांगा बाई," म्हणाले, "काय करायचं ते. मला तर रांगच लावता येते."

मग आम्ही रांग मोडली. मुलांच्या कमरेला कापडाच्या पट्ट्या खोचल्या. दुसऱ्याची ओढायची, आपली वाचवायची. खेळता खेळता मुलं आपोआप वाकून, गुडघे दुमडून सरकायला लागली. मास्तर वर्षभर घसा फोडून नेमकं तेच सांगत होते. गुडघ्यांवर बसून एकमेकांना पिवळ्या वर्तुळाबाहेर ढकलायचं. एक मिनिटाच्या कुस्त्या, एकाच वेळी चार जोड्या, हरला तो लगेच दुसऱ्याशी. डाव मास्तर शिकवत, पण दोन मिनिटांत. मी घड्याळ धरून उभी असे आणि ते लांबण लावायला लागले की खोकत असे.

दुसऱ्या आठवड्यात मुंगी आली. "बघायला आलेय फक्त," असं म्हणाली आणि दहाव्या मिनिटाला मॅटवर होती. मग बाब्या आला. मग नळ सोडून बसणारा मुलगा आला, आणि त्याच्याबरोबर त्याचा एक गोलमटोल मित्र, ज्याला पळता येत नसे पण वर्तुळाबाहेर कोणी ढकलू शकत नसे. दीड महिन्यात चौदा मुलं झाली. मोठ्या बाई एकदा दारातून डोकावून गेल्या आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ते कौतुकच होतं.

आणि एका संध्याकाळी मास्तरांचा मुलगा आला. आपल्या लेकीला घेऊन. तो चपला काढून मॅटच्या कडेला उभा राहिला, आत आला नाही. लेक, पिटुकली, मात्र सरळ आजोबांच्या अंगावर धावली. मास्तरांनी पाठीवर पडून मानेवर अंग उचलून कमानीसारखा पूल केला आणि पिटुकली त्याच्याखालून रांगत या बाजूनं त्या बाजूला जाऊ लागली. साठीला आलेला माणूस! सगळी मुलं खेळ थांबवून मोजायला लागली. सतराव्या फेरीला मास्तर कोसळले आणि हसत सुटले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होते. मी मुलाकडे बघितलं. तोही हसत होता, पण तोंड दुसरीकडे वळवून.

इथंच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

सत्र संपायच्या सहा आठवडे आधी जिल्ह्याच्या स्पर्धेचं पत्रक आलं. मास्तरांनी ते चार दिवस खिशात ठेवलं. पाचव्या दिवशी मला दाखवलं. "ज्यांना हौस आहे तेवढ्यांनीच जायचं," म्हणाले. "हरले तर हरले. काय?" मी बरं म्हणाले. पाच मुलांनी हात वर केले. मुंगी आणि बाब्या त्यांत होते.

पण पत्रक भिंतीवर लागलं आणि हॉलची हवा बदलली. मास्तर तसं काही वेगळं करत नव्हते. पट्ट्यांचा खेळ चालूच होता. फक्त ते आता बाब्याच्या जोडीपाशी जास्त वेळ उभे राहायचे, आणि मी खोकले तरी त्यांना ऐकू जायचं नाही. एकदा मुंगी म्हणाली, "सर, आमच्याकडे पण बघा की." ते म्हणाले, "बघतोय ना," आणि तिकडेच बघत राहिले.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आठला वजनं होती. एका मोठ्या क्रीडागृहाच्या बोळात काटा मांडला होता आणि मुलं चड्डीवर, काखेत हात घालून, रांगेत उभी होती. मुंगी बसली आपल्या गटात. बाब्या काट्यावर चढला. गट बेचाळीसचा. काटा बेचाळीस किलो तीनशे ग्रॅमवर थांबला.

"वरच्या गटात खेळवा," मी म्हणाले. "पंचेचाळीसमध्ये. काय फरक पडतो?"

मास्तर भिंतीवरची यादी वाचत होते. "वरच्या गटात सोळा जण आहेत. आणि तो बघा, मिसरूड फुटलेला. बेचाळीसमध्ये सहाच आहेत, बाई. सहा! हा पोरगा डोळे मिटून जिंकेल. तीनशे ग्रॅम म्हणजे काय हो? पेलाभर पाणी. पाऊण तास आहे अजून."

आणि त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचं जॅकेट काढलं.

ते त्यांनी घरून आणलं होतं. हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. माणसाला ऐन वेळी मोह होतो हे मी समजू शकते. पण ते जॅकेट आदल्या दिवशी कुठल्यातरी ट्रंकेतून काढून, घडी करून पिशवीत ठेवलेलं होतं.

बाब्यानं जॅकेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई?" एवढंच म्हणाला.

इथं मला खरं ते सांगितलं पाहिजे. मी नाही म्हणू शकत होते. मुलं शाळेची होती, मी शाळेची शिक्षिका होते, माझ्या सहीशिवाय ती आलीच नसती. पण मलाही वाटलं की तो जिंकावा. मोठ्या बाईंच्या टेबलावर एक सोनेरी पदक ठेवावं आणि त्यांचा चेहरा बघावा, असं मला वाटलं. मी म्हणाले, "वीसच मिनिटं हं." आणि घड्याळ लावलं.

तो जिना चढायला-उतरायला लागला. जॅकेट चरचर वाजत होतं. खालच्या पायरीशी आमची बाकीची चार मुलं उभी होती. आधी ती "बाब्या, बाब्या" असं ओरडत होती. मग हळूहळू गप्प झाली. तेराव्या मिनिटाला त्याला कोरडी ओकारी आली. मास्तर म्हणाले, "झालंच, झालंच. थांबू नको. थांबलास की घाम थांबतो."

त्याच वेळी मास्तरांचा मुलगा बोळात आला. पिटुकलीला खांद्यावर घेऊन. तिला आजोबांची मुलं खेळताना बघायची होती. त्यानं आधी जिन्यावरच्या मुलाकडे पाहिलं. मग त्याच्या अंगावरच्या जॅकेटकडे.

"बाबा," तो म्हणाला, "हे कुठून आणलंत?"

मास्तर घड्याळाकडे बघत होते. "घरातून. तुझंच आहे," म्हणाले. आणि बोलून गेल्यावर त्यांनी वर पाहिलं.

मुलानं पिटुकलीला खांद्यावरून खाली घेतलं, तिचं तोंड आपल्या छातीकडे वळवलं आणि आला तसा बाहेर गेला. "आजोबा! आजोबा तिकडे आहेत!" ती ओरडत होती ते बराच वेळ ऐकू येत राहिलं. मास्तर दोन पावलं त्यांच्या मागं गेले. मग वळले. "किती मिनिटं झाली, बाई?" त्यांनी विचारलं.

वजन बरोबर बेचाळीस भरलं. बाब्या तिन्ही कुस्त्या जिंकला. शेवटची तर मिनिटाच्या आत. समोरच्याचे दोन्ही पाय काखेत आणि तो चितपट. पंचांनी बाब्याचा हात वर केला तेव्हा मास्तर कडेवरून उड्या मारत ओरडले, "शाब्बास! शाब्बास, बेचाळीस!"

बाब्यानं या वेळी वळून पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये त्यानं जॅकेट माझ्या हातात दिलं. नीट घडी केलेलं, बाह्या आत दुमडलेलं. पदक त्यानं खिशात घातलं होतं. त्याच्या शेजारी खिडकीशी बसलेली मुंगी पूर्ण रस्ताभर बाहेर बघत होती. ती पहिलीच कुस्ती हरली होती, आणि ती हरली तेव्हा आमच्यापैकी कोणीच तिच्या मॅटपाशी नव्हतं.

सोमवारी बाब्या आला नाही. मंगळवारीही नाही. शुक्रवारी मास्तर त्याच्या घरी गेले. आईनं दारातूनच सांगितलं की तो पोहायला जातो आता. मुलांमध्ये गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? जिन्यावरचा तो प्रकार चार जणांनी पाहिला होता, पण आठवड्याभरात हॉलमधल्या प्रत्येकाला तो आपण स्वतः पाहिल्यासारखा ठाऊक होता. कोणी भांडलं नाही, कोणाच्या आईबापांनी तक्रार केली नाही. मुलं नुसती कमी होत गेली. आज याचं पोट दुखतंय, उद्या त्याची शिकवणी. आम्ही पट्ट्यांचा खेळ घ्यायचो. मुलं खेळायचीही. पण मास्तर जवळ आले की ती खेळता खेळता सरळ उभी राहायची.

त्यांचा मुलगा रविवारी जेवायला येईनासा झाला. सूनबाई पिटुकलीला घेऊन एकदा आल्या, दुपारी, तासभर. मास्तरांच्या बायकोनं भिंतीवरचं पदक काढून कपाटात ठेवलं. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा दिसत होता.

"मी नाही का सांगत होते?" त्या मला म्हणाल्या, नवऱ्यासमोरच. "जित्याची खोड. तुम्ही आपल्या भाबड्या, बाई. तुम्हाला वाटलं माणूस बदलला."

"बदललो होतो," मास्तर म्हणाले. हळू म्हणाले. मला दोन्ही शब्द ऐकू आले.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी स्वतः येऊन मोजलं. पाच मुलं. त्यांनी मास्तरांना चार गोष्टी ऐकवल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "सोमवारी टेबलं येतील. मॅट तेवढी आवरून ठेवा." जिन्यावर काय झालं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. पदकाबद्दल मात्र त्यांनी माझं अभिनंदन केलं, आणि मी ते घेतलं.

शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, पाच वाजले, सव्वापाच झाले. कोणी आलं नाही. मास्तर मॅटच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या बांधत होते, सोडत होते. साडेपाचला दार ढकलून मुंगी आली. शाळेच्याच कपड्यात, पाठीवर दप्तर.

मास्तर चटकन उठले. "ये, ये! कपडे बदल. आज आपण दोघंच. मी तुला तो..."

"सर, मी खेळायला नाही आले." ती मॅटच्या बाहेरच थांबली. "मी सांगायला आले. मी आता येणार नाही. वर्ग दुसरीकडे कुठे भरला तरी नाही."

"आई नको म्हणते का?"

"नाही. मीच."

मास्तरांनी मान हलवली. "बरं केलंस सांगितलंस ते," म्हणाले.

"बाकीचे न सांगता गेले ना, म्हणून." तिनं दप्तराचा पट्टा सारखा केला. तिला अजून काही म्हणायचं असावं. एवढी तोंडाळ मुलगी, पण तिला शब्द सापडेना. "तुमचा तो मानेचा पूल छान होता," शेवटी म्हणाली, आणि गेली. फाटकाशी तिची मैत्रीण थांबली होती. दोघी पळत रस्ता ओलांडताना मला खिडकीतून दिसल्या.

मॅट सोळा तुकड्यांची होती. एकेक तुकडा उचलायला चार माणसं लागत. आम्ही दोघांनी पहिला कसाबसा भिंतीला टेकवला, दुसऱ्याला मास्तरांचा गुडघा अडला. ते तिथंच खाली बसले. मी म्हणाले, "राहू द्या मास्तर, सोमवारी शिपाई करतील."

"हो," ते म्हणाले. "त्यांना सांगा, ओढू नका म्हणावं. फाटते."

मी सांगते म्हणाले. आणि दिवे कोण मालवतंय याची वाट बघत आम्ही थोडा वेळ तसेच बसून राहिलो.